बागेतील नव्या खोलीभोवती डेक की फरसबंदी: आधी उंबरा मोजावा, मग साहित्य निवडावे

बागेत स्वतंत्र खोली बांधून झाली, की तिच्या दारासमोरची जागा डेकने (सांगाड्यावर बसवलेल्या फळ्यांच्या चौथऱ्याने) की फरसबंदीने (दगड, लाद्या किंवा ब्लॉक बसवून) पक्की करायची हा प्रश्न उभा राहतो आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर नमुन्याच्या तुकड्यांवरून, म्हणजे रंग, पोत आणि छायाचित्रे पाहून दिले जाते. हा क्रम उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. खोलीचा उंबरा जमिनीपासून किती उंच आहे आणि छपरावरून पडणारे पाणी कोठे जाणार आहे, या दोन गोष्टींनी निवड निम्म्याहून अधिक ठरलेली असते. उरलेल्या भागात माती, झाडे, ऊन-सावली आणि वापर यांचा विचार येतो, आणि रंगाचा विचार त्यानंतरच करावा.

मोजमाप

पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीचे, म्हणजे गवंड्यांच्या लेव्हल ट्यूबचे, एक टोक उंबऱ्याच्या वरच्या कडेशी धरावे, दुसरे टोक भिंतीपासून एक, दोन आणि तीन मीटर अंतरावर न्यावे आणि प्रत्येक ठिकाणी जमीन उंबऱ्यापेक्षा किती खाली आहे ते कागदावर टिपावे. जमीन डोळ्यांना सपाट दिसते, परंतु तीन मीटरमध्ये १०० मिमीचा फरक सहज लपून राहतो. त्याच कागदावर भिंतीतील ओलरोधक थराची उंची, लाकडी आवरण असल्यास त्याच्या सर्वांत खालच्या फळीची उंची, छपराच्या पन्हळीचा नळ कोठे उतरतो, दार आत उघडते की बाहेर, आणि खोली खांबांवर किंवा ठोकळ्यांवर उभी असल्यास तिच्या तळाशी हवा खेळण्यासाठी ठेवलेली फट कोठे आहे, हेही नोंदवावे. हा कागद हातात असला, की सुतार किंवा गवंड्याशी होणारी चर्चा मुद्द्याची होते.

आता या आकड्यांचा अर्थ. बाहेरची पक्की पातळी ओलरोधक थरापासून किंवा सर्वांत खालच्या फळीपासून किमान १५० मिमी खाली असावी, हा बांधकामातील जुना संकेत आहे. पावसाचे थेंब कडक पृष्ठभागावर आपटले, की त्यांचे शिंतोडे भिंतीवर उडतात, आणि तो भाग रोज ओला राहिला, की तेथील लाकूड कुजू लागते किंवा प्लास्टर फुगते. फरसबंदीला हा संकेत पूर्णपणे लागू होतो. डेकच्या बाबतीत मात्र फळ्यांमधील फटींतून पाणी खाली निघून जाते, त्यामुळे डेकचा पृष्ठभाग उंबऱ्याच्या जवळपास समपातळीत आणता येतो. फक्त डेकखालची जमीन ते १५० मिमीचे अंतर राखून असावी आणि डेक व भिंत यांच्यात बोटभर मोकळी फट असावी. दोन्ही पर्यायांमध्ये हाच सर्वांत महत्त्वाचा फरक आहे. आतली जमीन आणि बाहेरची जागा एकाच पातळीवर हवी असेल, तर डेक ते काम सहज करतो. फरसबंदीला त्यासाठी दारासमोर जाळीची पन्हळ बसवावी लागते आणि ती पन्हळ कायम साफ ठेवावी लागते.

डेकला स्वतःची जाडीही असते. साधारण २८ मिमीची फळी, तिच्याखाली १०० ते १५० मिमी उंचीच्या तुळया, त्याखाली टेकू आणि थोडी मोकळी हवा, असे धरले तर सुमारे २०० मिमी उंची हाताशी असावी. म्हणून उंबरा जमिनीपासून ३०० मिमी किंवा त्याहून उंच असेल, तर डेककडे कल असावा. तेथे फरसबंदी केल्यास भराव घालावा लागेल किंवा दोन-तीन पायऱ्या कराव्या लागतील. उंबरा १५० ते ३०० मिमीच्या दरम्यान असेल, तर फरसबंदी करता येते, सुमारे २०० मिमीपासून डेकचा पर्यायही खुला होतो आणि तेथे पुढील मुद्दे निर्णायक ठरतात. उंबरा १५० मिमीपेक्षा कमी उंच असेल, तर मोठ्या सावधगिरीची गरज आहे. अशा ठिकाणी जमीन खोदून डेक खड्ड्यात बसवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, आणि तो मी कधीही मानणार नाही, कारण त्या खड्ड्यात पाणी साचते, वारा पोहोचत नाही आणि तुळया आतून सडत राहतात, हे वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यापेक्षा भिंतीलगत २०० ते ३०० मिमी रुंदीचा चर खणून, तळाशी छिद्रे असलेला पाइप टाकून तो गोट्यांनी भरावा आणि त्यापलीकडे बाहेरच्या दिशेला उतार असलेली फरसबंदी करावी.

पाणी आणि माती

२० चौरस मीटरच्या छपरावर २५ मिमी पाऊस पडला, तर ५०० लिटर पाणी खाली येते. छपराला पन्हळ नसेल, तर हे सर्व पाणी पागोळ्यांच्या एका रेषेत पडते आणि तुमची नवी फरशी किंवा डेक बहुधा नेमका त्याच रेषेखाली असतो. म्हणून आधी पन्हळ बसवावी, तिचा नळ पिंपात, वाफ्यात किंवा इमारतीपासून सुमारे ५ मीटर दूरच्या शोषखड्ड्यात न्यावा आणि त्यानंतरच बाकीच्या कामाला हात घालावा.

फरसबंदीचा उतार नेहमी खोलीपासून बाहेरच्या दिशेने असावा. गुळगुळीत लादीला ८० मिमीस १ मिमी हे प्रमाण पुरते. ओबडधोबड दगडाला ६० मिमीस १ मिमी लागते, कारण त्याच्या खळग्यांत पाणी अडून राहते. तीन मीटर रुंदीत हा उतार अनुक्रमे सुमारे ३८ मिमी आणि ५० मिमी होतो, आणि मोजमापाच्या कागदावर तो आधीच वजा करून पाहिला पाहिजे. उताराच्या शेवटी पाणी कोठे जाणार याचे उत्तरही तयार हवे; शेजाऱ्याच्या कुंपणाकडे किंवा राहत्या घराच्या भिंतीकडे ते वळवणे म्हणजे अडचण एका जागेवरून दुसऱ्या जागी ढकलणे होय.

माती पाणी किती वेगाने पिते हे पाहण्यासाठी ३० सेंमी लांब, रुंद व खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळेचे पाणी जिरायला किती वेळ लागतो ते पाहावे. काही तासांत जिरले तर चिंता नाही. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल, तर फरसबंदीसाठी निचऱ्याची वेगळी सोय करावीच लागेल. अशा जमिनीवर डेकखालीही दमटपणा राहील, म्हणून तेथे सांगाडा अधिक उंच ठेवावा. चिकण माती उन्हाळ्यात आक्रसते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर कमी खोलीच्या पायाची फरसबंदी वरखाली होते, तर उंची कमी-जास्त करता येणाऱ्या टेकूंवरचा डेक ते टेकू फिरवून पुन्हा पातळीत आणता येतो. जवळ मोठे झाड असेल, तर हा मुद्दा आणखी ठळक होतो. झाडाची अन्नपाणी शोषणारी मुळे मुख्यतः वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीत पसरलेली असतात. फरसबंदीसाठी सर्वत्र २०० ते २५० मिमी खोदावे लागते आणि ती मुळे तुटतात. डेकला मोजके खांब पुरतात आणि मूळ आडवे आले तर खांब थोडा सरकवता येतो. झाड वाचवायचे असेल, तर माझे मत डेकच्याच बाजूने आहे.

नव्या खोलीच्या बाबतीत एक गोष्ट विशेष जपावी लागते. पाया, पाण्याचा पाइप आणि विजेची केबल यांसाठी खोदलेले चर नुकतेच बुजवलेले असतात आणि ती माती भुसभुशीत असते. माझ्या स्वतःच्या खोलीमागे अशा चरावर घाईने लाद्या बसवल्या गेल्या आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांची एक ओळ दोन बोटे खचली. भिंतीकडे उतार झाल्याने पाणी थेट पायाशी जाऊ लागले आणि सगळी ओळ उचलून पुन्हा बसवावी लागली. बुजवलेला चर शक्य असल्यास पुन्हा उकरून थराथराने माती भरत ठोकून घट्ट करावा, किंवा एक पावसाळा जाऊ द्यावा. तोपर्यंत खडी पसरून तात्पुरती वाट करता येते. त्याच सुमारास जमिनीखाली एक जास्तीचा रिकामा पाइप आत दोरी ओवून टाकून ठेवावा. पुढे दिवा, पंखा किंवा नेटवर्कची केबल वाढवायची झाली, तर फरशी फोडावी लागत नाही. डेकमध्ये हे काम सोपे असते, परंतु तेथेही केबलच्या मार्गावरची एखादी फळी सहज काढता येईल अशी स्क्रूने बसवावी.

साहित्याची पारख

लाकूड रुंदीच्या दिशेने फुगते आणि आक्रसते, लांबीत त्याचा फरक नगण्य असतो. म्हणून कोरड्या फळ्यांमध्ये ५ ते ८ मिमी फट ठेवावी. ओल्या फळ्या बसवत असाल तर फट कमी ठेवावी, कारण त्या वाळून ती आपोआप वाढते. कुजवणारी बुरशी सुमारे २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याच्या लाकडात वाढू शकत नाही, आणि डेकची सारी रचना हा ओलावा खाली ठेवण्यासाठीच असते: फटी, खालची हवा, मातीशी शून्य संपर्क. सागासारख्या टिकाऊ लाकडाचा गाभा घ्यावा किंवा बाहेरच्या वापरासाठी रसायनप्रक्रिया केलेले लाकूड घ्यावे. प्रक्रिया केलेली फळी कापली, की आतला कच्चा भाग उघडा पडतो; त्या टोकाला संरक्षक द्रव लावल्याशिवाय ती बसवू नये. तेल न लावलेले लाकूड करड्या रंगाचे होते, तो त्याचा नैसर्गिक रंगबदल आहे, दोष नव्हे.

लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या, म्हणजे डब्ल्यूपीसीच्या, फळ्यांना तेल किंवा रंग लागत नाही आणि त्यांच्या ढलप्या निघत नाहीत. मात्र त्या उष्णतेने लांबीत वाढतात, त्यामुळे उत्पादकाने सांगितलेली टोकांची फट न ठेवल्यास त्या एकमेकींना ढकलून कमानीसारख्या उचलतात. भर उन्हात गडद रंगाची डब्ल्यूपीसी फळी अनवाणी पायांना सोसवत नाही इतकी तापते. अशा फळ्यांखाली तुळयाही जवळजवळ लागतात: लाकडी फळ्यांसाठी तुळयांचे अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ४०० मिमी चालते, तर डब्ल्यूपीसीसाठी बहुधा ३०० ते ४०० मिमी सांगितलेले असते आणि तिरक्या मांडणीत ते ३०० मिमीच्या पुढे नेऊ नये. माझा खरा आग्रह सांगाड्याविषयी आहे. वरच्या फळ्यांची हमी २५ वर्षांची असते आणि खालच्या तुळया मात्र हाताशी असलेल्या साध्या लाकडाच्या असतात, हे चित्र फार वेळा दिसते. सांगाडा सडला, की वरची उत्तम फळी निरुपयोगी ठरते. म्हणून पैसे कमी पडत असतील, तर फळी एक पायरी साधी घ्यावी, पण सांगाडा जस्तलेपित पोलाद, ॲल्युमिनियम किंवा चांगल्या प्रक्रिया केलेल्या लाकडाचा घ्यावा आणि लाकडी तुळयांच्या माथ्यावर जलरोधक पट्टी चिकटवावी. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत. तांबेयुक्त रसायनाने प्रक्रिया केलेले लाकूड साध्या लोखंडी स्क्रूला लवकर गंजवते.

नैसर्गिक दगडाची खरी ताकद त्याच्या वयात आहे. नीट बसवलेली दगडी फरसबंदी दशकानुदशके टिकते आणि जुनी झाली तरी वाईट दिसत नाही. ग्रॅनाइट आणि बेसाल्ट घट्ट असतात व पाणी फारसे शोषत नाहीत. वालुकाश्म सच्छिद्र असल्याने सावलीत त्यावर शेवाळ धरते. चुनखडीच्या फरशीवर आम्ल सांडल्यास ते पृष्ठभाग खाते, म्हणून तिच्या सफाईत आम्लयुक्त द्रव कधीही वापरू नये. बाहेरच्या कामासाठी चकचकीत पॉलिश टाळावे, पृष्ठभाग खरखरीतच हवा. २० मिमी जाडीची बाहेरच्या वापराची पोर्सिलेन लादी ०.५ टक्क्यापेक्षा कमी पाणी शोषते, त्यामुळे तिच्यावर डाग आणि शेवाळ कमी धरते. नेमक्या याच गुणामुळे ती साध्या मसाल्याला, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणाला, चिकटत नाही, म्हणून मागच्या बाजूला चिकटपणा देणाऱ्या स्लरीचा, म्हणजे पातळ लेपाचा, हात देऊन ती पूर्ण थरावर बसवावी लागते. घसरण रोखण्यासाठी आर ११ दर्जाची लादी मागावी. सिमेंटचे पेव्हर ब्लॉक पायी वापरासाठी ६० मिमी जाडीचे पुरतात, आणि पुढे पाइप दुरुस्त करायचा झाल्यास ते उचलून परत बसवता येतात. ज्या जमिनीखाली बरेच पाइप आहेत, तेथे हा गुण मोठा मोलाचा आहे.

घसरण्याविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. खाचा असलेली फळी म्हणजे न घसरणारी फळी असे मानले जाते, परंतु खाचांत माती आणि पाने भरून त्यावर शेवाळ आले, की ती गुळगुळीत फळीइतकीच निसरडी होते. खोलीच्या ज्या बाजूला ऊन येत नाही, तेथे कोणतेही साहित्य नियमित घासावे लागते. असे घासणे होणार नसेल, तर त्या बाजूला डेक घेऊ नये.

खोलीच्या वापराचाही विचार करावा. मोठ्या काचेच्या दारासमोर फिकट रंगाची फरशी घातली, तर उजेड परावर्तित होऊन आत येतो. अंधाऱ्या खोलीला हे वरदान ठरते, पण संगणकावर काम करणाऱ्याला त्याचा त्रास होतो. डेकवरची पावले पोकळ आवाज करतात, आणि डेकचा सांगाडा खोलीच्या भिंतीला जोडलेला असेल तर तो आवाज आत शिरतो. खोली अभ्यासासाठी, ध्वनिमुद्रणासाठी किंवा झोपण्यासाठी असेल, तर डेक स्वतःच्या खांबांवर उभा करावा आणि भिंतीला टेकवू नये. लाकडी आवरणावर तुळई ठोकणे एरवीही चुकीचेच आहे, कारण त्या सांध्यात पाणी अडकते.

आकार आणि बांधणी

चार खुर्च्या आणि टेबल यांसाठी साधारण ३ मीटर बाय ३ मीटर जागा लागते. खुर्ची मागे सरकवून उठण्यासाठी टेबलाच्या कडेपासून किमान ९० सेंमी मोकळे हवेत. एक मीटरची पट्टी केवळ चालण्यापुरती होते, बसण्यासाठी नव्हे. दार बाहेर उघडत असेल, तर ते पूर्ण उघडल्यावर उरणारी जागा मोजावी. आकार ठरवताना फळीच्या किंवा लादीच्या मापाच्या पटीत तो बसवला, तर कापाकापी आणि नासाडी पुष्कळ कमी होते.

फरसबंदीसाठी माती काढून तळ दाबून घ्यावा, त्यावर लहान-मोठी मिश्र खडी १०० ते १५० मिमी जाडीत, दोन थरांत पसरून प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने, म्हणजे हादरे देऊन दाबणाऱ्या यंत्राने, बसवावा आणि उतार याच टप्प्यावर द्यावा, वरच्या मसाल्यात नव्हे. ब्लॉकसाठी त्यावर दाबून सुमारे ३० मिमी होईल इतकी जाडसर वाळू किंवा कच घालावी, कडेने सिमेंटमध्ये पक्का बांध घ्यावा आणि शेवटी सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडावी. लाद्या मात्र ३० ते ५० मिमीच्या मसाल्याच्या संपूर्ण थरावर बसवाव्यात. कोपऱ्यांना आणि मध्ये मसाल्याचे पाच गोळे ठेवून लादी टेकवण्याची पद्धत वेळ वाचवते, पण लादीखाली पोकळ्या राहतात, त्यांत पाणी शिरते आणि खुर्चीचा पाय नेमका पोकळीवर आला की लादी तडकते. गवंडी असे करू लागला, तर काम तेथेच थांबवून त्याच्याशी बोलावे.

डेकसाठी आधी गवत आणि वरची माती काढून जमिनीला खोलीपासून दूर उतार द्यावा, पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाइल कापड अंथरून त्यावर खडीचा थर टाकावा. खांब किंवा टेकू कधीही मातीवर थेट ठेवू नयेत. वाळवीचा उपद्रव असलेल्या ठिकाणी तर लाकडाचे एकही टोक जमिनीला लागता कामा नये. सांगाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही हे दोन्ही कर्ण मोजून पाहावे; कर्ण समान नसतील, तर शेवटची फळी निमुळती कापावी लागते आणि ती चूक नेहमी दारासमोरच दिसते. बाजूची उघडी फट बारीक जाळीने बंद करावी, म्हणजे हवा खेळते आणि उंदीर आत शिरत नाहीत. डेक ६०० मिमीपेक्षा उंच असेल तर कठडा हवाच, आणि लहान मुले असतील तर त्याच्या गजांमध्ये १०० मिमीपेक्षा जास्त अंतर नसावे. पायऱ्यांची उंची १५० मिमीच्या आसपास, पण सर्व पायऱ्यांची अगदी सारखी ठेवावी. १५ मिमीचा फरकही अंधारात पाय अडखळायला पुरतो. चाकाच्या खुर्चीसाठी उतरण करायची असल्यास १ मिमी उंचीला किमान १२ मिमी लांबी ठेवावी.

दोन्हींपैकी एकच घ्यावे असेही नाही. दारासमोर दोन-अडीच मीटरचा डेक आणि त्यापलीकडे एका पायरीने उतरून फरसबंदी, ही रचना मला अनेक ठिकाणी सर्वांत समंजस वाटते: डेकमुळे उंबऱ्याची पातळी मिळते आणि भिंत कोरडी राहते, तर टेबल, कुंड्या आणि शेगडी यांसारख्या जड व तापणाऱ्या वस्तूंना दगडाचा आधार मिळतो. मात्र फरसबंदीचा उतार डेककडे होऊ देऊ नये आणि आधी फरसबंदी पूर्ण करून मगच डेकचा सांगाडा उभारावा, म्हणजे कॉम्पॅक्टरचे हादरे आणि सिमेंटचे डाग नव्या लाकडापर्यंत पोहोचत नाहीत.

साहित्याची मागणी नोंदवण्यापूर्वी दोन-तीन नमुने खोलीच्या भिंतीलगत आठवडाभर ठेवावेत, त्यांवर पाणी ओतून ओल्या पायांनी चालून पाहावे आणि दुपारच्या उन्हात तळवा टेकून पाहावा. काम संपल्यावर शेवटचे पैसे देण्याआधी बागेची नळी पंधरा-वीस मिनिटे सोडून ठेवावी आणि पाणी खोलीपासून दूर जाते का, कोठे डबके राहते का, उंबऱ्याच्या पट्टीतील निचऱ्याची छिद्रे मोकळी आहेत का, हे कारागिरासमोरच तपासावे. मसाला पक्का होण्यासाठी मात्र आधी काही दिवस जाऊ द्यावेत.